बोथ अधिक ७६८

‘बोथ’ एवढाच शब्द टाइप करून एक फाइल सेव्ह करा. पुढे स्पेस नको, एंटर नको. आता फाइलचा आकार पाहा: ९ बाइट. कागदावर दोन अक्षरं, कीबोर्डवर तीन कळा, आणि डिस्कवर मात्र नऊ आकडे: २२४, १६४, १७२, मग २२४, १६५, १३९, आणि शेवटी २२४, १६४, १६५. पहिले तीन मिळून ब, पुढचे तीन मिळून काना-मात्रा, शेवटचे तीन मिळून थ. प्रत्येक तिकडीच्या डोक्यावरचा २२४ सांगतो की ‘माझ्यासकट तीन बाइट मिळून एक चिन्ह समजा’. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखाली अंथरलेल्या कागदावर ही रचना आखली. तिचं नाव यूटीएफ-८. आज वेबवरचा बहुतेक मजकूर याच रचनेत साठवला जातो.

या रचनेत एका चिन्हाला एक, दोन, तीन किंवा चार बाइट लागतात. इंग्रजी अक्षराला एक, उर्दूच्या अक्षराला दोन, मराठी आणि तेलुगूच्या चिन्हाला तीन. चार बाइट लागणाऱ्या लिपीसाठीही बोथहून, म्हणजे तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या या गावाहून, फार लांब जावं लागत नाही. याच आदिलाबाद जिल्ह्यात, नारनूर मंडलात, गुंजाला नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या हस्तलिखितांतून गोंडी भाषेची एक स्वतंत्र लिपी पुढे आली आणि जून २०१८मध्ये ‘गुंजाला गोंडी’ या नावाने तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली. तिचं प्रत्येक चिन्ह चार बाइटांचं. यूटीएफ-८ने मोजून चारच लांब्या ठेवल्या आणि या चारही लांब्यांच्या लिपी बोथच्या परिसराच्या वाट्याला आल्या आहेत. जगात असे भाग किती असतील?

बोथच्या वाट्याला हे मिश्रण कसं आलं, त्याचा दुवा १९५६च्या राज्यपुनर्रचना कायद्यात सापडतो. त्या वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य विभागलं गेलं. आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्याचं इस्लापूर सर्कल मुंबई राज्याला मिळालं. इस्लापूर आज नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात आहे. बोथ आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४पासून तो तेलंगणात आहे. सीमा कागदावर आखली गेली, बोलणं मात्र दोन्हीकडे सुरूच राहिलं. म्हणून या मुलखात एकच नाव एका यादीत देवनागरीत तर दुसऱ्या यादीत तेलुगूत लिहावं लागतं, आणि संगणकाला एका लिपीतून दुसऱ्या लिपीत नेऊन द्यायला सांगावं असं कुणालाही वाटेल.

ते काम फंक्शनल पद्धतीच्या भाषेत एका ओळीत होतं. ती ओळ समजून घ्यायला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल, आणि तो द्यावा अशीच ती आहे.

बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत फाइल वाचायची म्हणजे बरीच उस्तवार असते. फाइल उघडा, तिचा हँडल धरून ठेवा, एक ओळ वाचा, संपली का ते तपासा, पुन्हा वाचा, शेवटी आठवणीने बंद करा. हॅस्केल नावाच्या भाषेत ‘रीडफाइल’ म्हणायचं आणि फाइलचं नाव द्यायचं. मिळते ती अक्षरांची एक यादी. बोथच्या फाइलसाठी तिची लांबी तीन येते, नऊ नाही. कारण बाइटांच्या तिकड्या जुळवून त्यांची चिन्हं करण्याचं काम आधीच उरकलेलं असतं. हॅस्केलचा प्रमुख कंपायलर जीएचसी, त्याची ६.१२ ही आवृत्ती डिसेंबर २००९मध्ये आली, तेव्हापासून हे असं आहे. त्याआधी तो एकेका बाइटलाच अक्षर मानायचा आणि बोथची लांबी नऊ सांगायचा.

हॅस्केलमधलं अक्षर म्हणजे युनिकोडचा पूर्ण क्रमांक, शून्यापासून ११,१४,१११पर्यंत कोणताही. हा तपशील महत्त्वाचा आहे. जावास्क्रिप्टसारख्या भाषेत १६ बिटांचे तुकडे मोजले जातात, त्यामुळे गुंजाला गोंडीचं एक अक्षर तिथे दोन भरतं. हॅस्केलच्या यादीत ते एकच असतं, जसा ब एक आणि इंग्रजी ए एक.

आता खरी अडचण. फंक्शनल भाषेचा पायाच असा, की फंक्शन म्हणजे गणितातलं फंक्शन. तेच दिलं की तेच मिळणार. पाचाचा वर्ग सकाळी २५ आणि संध्याकाळी ३० असं होत नाही. पण फाइलचं तसं नाही. सकाळी तिच्यात ‘बोथ’ असेल, दुपारी कुणी ‘किनवट’ लिहून ठेवेल. नाव तेच, उत्तर वेगळं. म्हणजे फाइल वाचणं हे फंक्शन असूच शकत नाही! मग ज्या भाषेत सगळा कारभार फंक्शनांवर चालतो, तिने बाहेरच्या जगाशी बोलायचं तरी कसं?

हॅस्केलची पहिली आवृत्ती १ एप्रिल १९९०ला प्रसिद्ध झाली. तिने दिलेलं उत्तर आजही वाचताना थक्क व्हायला होतं. तिथे संपूर्ण प्रोग्राम म्हणजे एकच फंक्शन: उत्तरांची यादी घेणारं आणि विनंत्यांची यादी देणारं. पहिली विनंती ‘ही फाइल वाचून द्या’, पहिलं उत्तर त्या फाइलमधला मजकूर. दुसरी विनंती ‘हे पडद्यावर दाखवा’, दुसरं उत्तर ‘दाखवलं’. नीट पाहिलं तर यात काळाचा उलटा प्रवास आहे. विनंती केल्याशिवाय उत्तर येणार नाही, आणि उत्तरांची यादी तर फंक्शनला सुरुवातीलाच हातात दिली आहे. हे शक्य होतं कारण हॅस्केल आळशी भाषा आहे. ‘आळशी’ हा तिथे तांत्रिक शब्द आहे, दूषण नव्हे. यादी हातात असते, पण तिचा एकेक घटक कुणी मागेपर्यंत तयारच होत नाही. पहिली विनंती करताना फंक्शन उत्तरांच्या यादीकडे वळूनही पाहत नाही, म्हणून ती यादी तोवर रिकामी असली तरी काही बिघडत नाही.

या आळसाचं मूळ १९७६चं. त्या एकाच वर्षी हेंडरसन आणि मॉरिस यांनी, आणि स्वतंत्रपणे फ्रीडमन आणि वाइज यांनी, मागितल्याशिवाय काहीही मोजायचं नाही अशा भाषेची मांडणी केली. त्यानंतर सायमन पेटन जोन्स आणि फिलिप वॉडलर यांनी १९९३मध्ये विनंत्या-उत्तरांच्या पद्धतीहून सुटसुटीत मार्ग मांडला, आणि १९९६च्या हॅस्केल १.३पासून तोच वापरात आहे. त्या मार्गात ‘रीडफाइल’ला फाइलचं नाव दिलं की मजकूर मिळतच नाही. मिळते ती डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखी एक वस्तू. चिठ्ठी म्हणजे औषध नव्हे. ती खिशात ठेवता येते, तिच्याखाली आणखी एक औषध लिहिता येतं, दोन चिठ्ठ्या एकत्र टाचता येतात, आणि एवढं करूनही पोटात एक गोळी गेलेली नसते. ‘बोथ नावाची फाइल वाच’ ही चिठ्ठी सकाळी आणि संध्याकाळी अगदी तीच असते, त्यामुळे गणिताचा नियम मोडत नाही. चिठ्ठ्या जोडत जोडत शेवटी एक मोठी चिठ्ठी तयार होते, तिचं नाव ‘मेन’. प्रोग्राम चालवला की फक्त तीच अमलात येते.

फंक्शनल विचार शिकवण्याची महाराष्ट्रातली आठवण इथे सांगायलाच हवी. पुणे विद्यापीठात रुसी मोडी यांनी १९९०च्या दशकात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी मार्क जोन्स यांच्या ‘गोफर’ या भाषेत बदल करून ‘पुगोफर’ नावाची आवृत्ती घडवली. गोफर ही हॅस्केलची जवळची नातलग. त्या नावातला ‘पु’ पुण्याचा. संगणकाची पहिली ओळख सी भाषेतून व्हावी की फंक्शनांतून, हा वाद तेव्हा जगभर चालू होता, आणि पुण्यातल्या एका विभागाने त्यात स्वतःची भाषा घेऊन उतरावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता ती ओळ. उच्चारून वाचली तर अशी: ‘मेन इज इक्वल टू इंटरॅक्ट, कंसात मॅप तेलुगू, कंस पूर्ण.’

‘इंटरॅक्ट’ म्हणजे येणारा सगळा मजकूर अक्षरांची यादी म्हणून घे, त्यावर दिलेलं फंक्शन चालव, आणि निघेल ते बाहेर पाठव. ‘मॅप’ म्हणजे यादीतल्या प्रत्येक अक्षरावर तेच फंक्शन लाव. राहता राहिलं ‘तेलुगू’ हे आपलं स्वतःचं फंक्शन. त्याने देवनागरीचं एक अक्षर घेऊन तेलुगूचं एक अक्षर द्यायचं. त्यासाठी शंभरेक जोड्यांचा तक्ता लागेल असं वाटतं ना? लागत नाही. क्रमांकात ७६८ मिळवायचे.

युनिकोडमध्ये ब २३४८वा आहे. ७६८ मिळवले की ३११६, आणि ३११६वर तेलुगूचा ब बसलेला आहे. काना-मात्रेचा क्रमांक २३७९, तो होतो ३१४७: तेलुगूची दीर्घ ओची खूण. थ २३४१, तो होतो ३१०९: तेलुगूचा थ. देवनागरीचा अख्खा मोहल्ला २३०४पासून सुरू होतो, तेलुगूचा ३०७२पासून, आणि दोन्हीकडे घरांचा क्रम तोच आहे. अंक, अनुस्वार, हलंत, ळ, सगळे आपापल्या जागी सापडतात.

हा योगायोग नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं एक प्रमाण होतं. त्यात कमळातला क, मग तो मराठीत लिहिलेला असो वा तेलुगूत, एकाच क्रमांकाने साठवला जायचा. लिपी बदलायची म्हणजे फक्त पडद्यावरचं रूप बदलायचं, आतला मजकूर तोच. या कामामागे जिस्ट हे तंत्रज्ञान होतं. ते आयआयटी कानपूरमध्ये उभं राहिलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. मोहन तांबे हे त्यातलं अग्रणी नाव. १९९१मध्ये भारतीय मानक ब्यूरोने हे प्रमाण स्वीकारलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिने लिप्या वेगळ्या केल्या, पण १९८८च्या इस्कीची मांडणी प्रत्येक लिपीला तशीच ठेवली. म्हणून आज बोथच्या फाइलवर नुसती बेरीज करून लिपी बदलता येते. ब्राह्मीपासून फुटलेल्या लिप्यांचं दोन हजार वर्षांचं नातं त्या ७६८मध्ये सांभाळलेलं आहे.

बेरीज आंधळेपणाने केली तर मात्र फसते. स्पेस, स्वल्पविराम, इंग्रजी अक्षरं यांना हात लावायचा नाही. दंड देवनागरी आणि तेलुगू या दोन्हींना एकच आहे, म्हणून तोही सोडायचा. मग प्रश्न येतो मराठीच्या खास चिन्हांचा. ‘डॉक्टर’मधला ॉ २३७७वा. बेरीज ३१४५, आणि तिथे तेलुगूत रिकामी जागा. तेलुगू हा शब्द साध्या कान्याने लिहिते, तेव्हा ॉला आधी काना करायचं. ‘गॅस’मधला ॅ आणखी मजेदार. तेलुगू लिहिते ग्यास. म्हणजे एका चिन्हाच्या जागी तीन हवीत: हलंत, य, काना. ‘मॅप’ एका अक्षराला एकच अक्षर देतो, त्याला हे जमणार नाही. त्याच्या जागी ‘कॉन्कॅटमॅप’ वापरायचा. तो प्रत्येक अक्षराला एक छोटी यादी देऊ देतो आणि शेवटी सगळ्या याद्या सलग जोडतो. ओळीत बदल एवढाच.

शब्दाच्या शेवटचा अ हा तर आणखी नाजूक मुद्दा. आपण ‘बोथ’ लिहितो आणि थचा पाय मोडून बोलतो, लिहिताना मात्र तो मोडत नाही. तेलुगूत लिहिलेला अ उच्चारला जातोच, म्हणून तिथे बोथ लिहिताना थला हलंत लावतात. आदिलाबादच्या दला आणि निर्मलच्या ललाही तसाच. नियम सोपा: शब्दाचं शेवटचं चिन्ह २३२५ ते २३६१च्या दरम्यान, म्हणजे क ते ह यांतलं व्यंजन असेल, तर त्यापुढे २३८१ जोडा. यासाठी मजकुराच्या ओळी कराव्या लागतात, ओळींचे शब्द, प्रत्येक शब्दाला हलंताचं फंक्शन, मग शब्दांच्या ओळी, ओळींचा मजकूर, आणि शेवटी बेरीज. ही सगळी फंक्शनं टिंबांनी एकापुढे एक जोडली जातात. ओळी आधी कराव्या लागतात, कारण शब्द पाडणारं फंक्शन एंटर आणि स्पेस यांत फरक करत नाही आणि सगळा मजकूर एका लांबलचक ओळीत येतो. या नियमाने डॉक्टर, गॅस, बोथ, आदिलाबाद अचूक उतरतात. ‘किनवट’ मात्र अर्धवटच उतरतं: टला हलंत मिळतो, नला मिळत नाही, आणि तेलुगू तर दोन्हींना लावते. शब्दाच्या पोटातला न बोललेला अ ओळखायला एका चिन्हापुरता नियम पुरत नाही. शब्दाची सगळी घडण पाहावी लागते.

फंक्शनं शुद्ध ठेवल्याचा फायदा इथे रोकडा मिळतो. यादीवर आधी एक फंक्शन मॅप केलं आणि मग दुसरं, किंवा दोन्ही जोडून एकदाच मॅप केलं, उत्तर तेच येतं. हे कागदावर सिद्ध करता येतं, आणि त्या भरवशावर कंपायलर दोन फेऱ्यांची एक फेरी करू शकतो. वाटेत कुणी फाइल बदलेल, पडद्यावर काही छापेल, अशी शक्यता त्या फंक्शनांत नाहीच, कारण जगाशी बोलण्याचा अधिकार फक्त चिठ्ठीला आहे.

आणि आळस? तो ही ओळ चालत असताना पाहावा. फाइल दोन जीबीची असली तरी प्रोग्राम ती एकदम गिळत नाही. बाहेर अक्षर हवं झालं की मॅप आपल्या यादीकडे एक अक्षर मागतो, यादी फाइलकडे मागते, फाइलमधून काही हजार बाइटांचा एक घास येतो, तो संपला की पुढचा. पहिल्या दहाच ओळी हव्या असतील तर ‘टेक दहा’ म्हणायचं; उरलेली फाइल डिस्कवर तशीच पडून राहते. समजा घास ८,१९२ बाइटांचा आहे आणि फाइलमध्ये सलग देवनागरी आहे. ८,१९२ला तीनने भागलं तर बाकी दोन उरते. घास दोनाच्या कोणत्याही घाताएवढा केला तरी तीनने निःशेष भाग जाणार नाही. म्हणजे पहिल्याच घासाच्या शेवटी एक मराठी चिन्ह मधोमध तुटणार: दोन बाइट अलीकडे, एक पलीकडे. वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. डिकोडर ते दोन बाइट बाजूला धरून ठेवतो, पुढचा घास आला की तिसरा जोडतो आणि अख्खं चिन्ह यादीत ठेवतो. मोठी मराठी फाइल वाचताना हे वारंवार घडत असतं.

या साधेपणाची किंमतही आहे. ६४ बिटांच्या मशीनवर हॅस्केलच्या यादीतलं एक घर २४ बाइट घेतं आणि अक्षर आणखी १६. पहिल्या २५६ क्रमांकांची अक्षरं आधीच बनवून ठेवलेली असतात, ती सगळ्यांत मिळून वापरली जातात, त्यामुळे इंग्रजी अक्षराचे १६ वाचतात. देवनागरी २३०४पासून सुरू होते, तिला ही सवलत नाही. डिस्कवर नऊ बाइटांचा बोथ मेमरीत १२० बाइटांचा होतो. अक्षरं येतील तशी वापरून सोडली तर बिघडत नाही, जुनी घरं मोकळी होत जातात. पण यादी दोनदा वापरली, आधी लांबी मोजायला आणि मग छापायला, की सगळी मेमरीत धरून ठेवावी लागते. १०० एमबीची निव्वळ देवनागरी फाइल मग सुमारे १.३ जीबी खाते. त्यासाठी ‘टेक्स्ट’ नावाचा वेगळा प्रकार आहे. तो मजकूर एका सलग पट्टीत ठेवतो, आणि त्याच्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीपासून ती पट्टी थेट यूटीएफ-८मध्येच असते: बोथचे नऊ बाइट मेमरीतही नऊ.

शिकणाऱ्याला हमखास अडवणारी जागा आणखी एक आहे. ‘इंटरॅक्ट’ऐवजी ‘रीडफाइल’ने फाइल वाचली, लिपी बदलली आणि ‘राइटफाइल’ने त्याच नावावर परत लिहायला गेलं, की प्रोग्राम थांबतो आणि फाइल कुलूपबंद असल्याचं सांगतो. कारण तोच आळस. वाचण्याची चिठ्ठी अमलात आली, यादी हाती आली, पण तिच्यातलं अक्षर अजून कुणी मागितलेलंच नाही. म्हणून फाइल वाचनासाठी उघडीच आहे. आणि वाचली जात असलेली फाइल त्याच वेळी लिहायला उघडायची नाही, असा हॅस्केलचा दंडक आहे. तो नसता तर मूळ मजकूर वाचून व्हायच्या आत पुसला गेला असता. यावर दोन उपाय. एक तर ‘टेक्स्ट’चं रीडफाइल वापरायचं, ते आळशी नाही, पूर्ण फाइल वाचून लगेच बंद करतं. किंवा तेलुगू मजकूर नव्या नावाच्या फाइलमध्ये लिहायचा, तो डोळ्यांनी तपासायचा, किनवटसारखे अडलेले शब्द हाताने सुधारायचे, आणि मगच जुन्या फाइलचं नाव नवीला द्यायचं.